धुरासाठी लाकूड: वाचकांचे प्रश्न, वखारवालीची उत्तरं

मागच्या अंकात धुरावर शिजवलेल्या कोंबडीची कृती दिली, आणि पत्रं आली ती सगळी लाकडाबद्दल. मसाल्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. मला बरंच वाटलं. माझं माहेर मिरजेचं, वडिलांची जळाऊ लाकडाची वखार होती. मांस धुरावर धरायला मी सासरी, कुडाळला आल्यावर शिकले. लाकूड मात्र परकर-पोलक्यात असल्यापासून ओळखते. वखारीत गिऱ्हाईक विचारायचं, ‘कोणत्या झाडाचं आहे?’ आणि वडील उलट विचारायचे, ‘किती वाळलेलं हवं?’ माझीही उत्तरं त्याच वळणाची आहेत. निवडक पत्रं थोडी आवरून छापते आहे.

ताई, जूनच्या वादळात परसातल्या रायवळ आंब्याची मोठी फांदी पडली. सासरे म्हणतात सरपणात घाला. मला ती धुरासाठी ठेवायची आहे. आंब्याचं लाकूड चालेल का? आणि आमच्याकडच्या पावसात ते वाळवायचं कसं?
— वाचक, चिपळूण

चालेल. आंब्याचा धूर सौम्य असतो. कोंबडी, बांगडा, पोर्क कशालाही दडपून टाकत नाही. फक्त कैरीच्या चिकाने ज्यांच्या अंगावर उठतं त्यांनी या लाकडाच्या फोडणी-तासणीपासून आणि धुरापासून लांब राहावं. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली मंडळी आहेत.

आता घाई करा. आंब्याच्या लाकडाला बुरशी आणि भुंगा फार लवकर लागतात. सालीसकट ओंडका पावसात पडून राहिला तर गणपतीपर्यंत त्याच्यावर काळे-निळे डाग चढलेले असतील. आठवड्याच्या आत करवत लावा आणि वीतभर लांबीचे तुकडे पाडा. लांबी कमी ठेवण्याला कारण आहे. झाडात पाणी ज्या उभ्या नळ्यांतून चढतं, त्याच नळ्यांच्या तोंडांतून ते बाहेरही पडतं. बाजूने, सालीतून, फारच थोडं जातं. म्हणून लांब ओंडका वर्षभर ओला राहतो आणि आखूड तुकडा काही महिन्यांत वाळतो. मग तुकडे उभे फोडून मनगटाएवढ्या फोडी करा. साल तासून काढा. आत्ता ती ओली आहे तोवर सहज सुटेल. सालीत माती, शेवाळ, किडे असतात आणि धुराला कडवटपणा येतो तो बराचसा तिच्यामुळे.

फोडी जमिनीवर ठेवू नका. खाली विटा किंवा बांबू टाका, वर एक थर उभा, एक थर आडवा अशी रास लावा. डोक्यावर पत्रा हवा, पण बाजू उघड्या. प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून ठेवायची सवय कोकणात फार आहे. त्याने पाऊस बाहेर राहतो आणि लाकडातलं पाणी आत कोंडतं.

एवढं केलंत तरी पावसाळ्यात लाकूड पुरतं वाळणार नाही, हे धरूनच चाला. लाकूड हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत राहतं. हवेत नव्वद टक्के आर्द्रता असेल तर लाकडातलं पाणी वीस टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, पुढे उतरत नाही. खरं वाळणं दिवाळीनंतर सुरू होईल. फेब्रुवारीत हात लावा.

वाळलं की नाही ते कसं ओळखायचं? वखारीतली रीत कानाची. दोन फोडी एकमेकींवर आपटा. वाळलेल्या टणटण वाजतात, ओल्या धप्प करतात. टोकांना चांदणीसारख्या भेगा पडलेल्या दिसतात. एक फोड निखाऱ्यावर धरा. टोकाकडून फेस आला किंवा चुरचुरली तर ती अजून ओली आहे. आकडाच हवा असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मधल्या गाभ्याच्या १०० ग्रॅम ढलप्या मोजा, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवा, आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासातासाने मोजत राहा. ८३ ग्रॅमवर थांबलं तर १७ टक्के पाणी होतं. पंधरा ते वीस टक्के मला आवडतं. पंचवीसच्या वर असेल तर रास परत लावा.

सासऱ्यांना सांगा, उरलेल्या काटक्या सरपणालाच घालू. आणि पडलेली फांदी वेगळी, उभं झाड वेगळं. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या परसातलं असलं तरी तोडण्याआधी परवानगी लागते.

संत्र्याची जुनी बाग काढली. लाकूड घट्ट आणि सुवासिक आहे, म्हणून कोंबडीला त्याचा धूर दिला. झाकण आणि झरोके गच्च बंद ठेवले होते, धूर वाया जाऊ नये म्हणून. पांढरा धूर भरपूर निघाला, पण कोंबडी कडू झाली आणि जीभ बधिर झाल्यासारखी वाटली. लाकूड वाईट का?
— वाचक, वरुड

लाकूड छान आहे. संत्रं, मोसंबी, लिंबू यांचं लाकूड धुरासाठी जगभर वापरतात. बाग कधी काढलीत ते पत्रात नाही, पण वर्णनावरून मागच्या महिन्यातली दिसते आहे.

ओलं लाकूड निखाऱ्यावर टाकलं की आधी त्यातलं पाणी उकळतं. जोवर पाणी आहे तोवर लाकूड शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, नुसतं धुमसतं. त्यातून निघतो तो दाट पांढरा धूर म्हणजे वाफ, अर्धवट जळालेले डांबरी थेंब आणि आंबूस आम्ल. लाकडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असे तीन मुख्य घटक असतात. आपल्याला हवा असलेला ‘धुराचा’ वास येतो तो लिग्निन फुटल्यावर. ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही त्यातली मुख्य द्रव्यं. त्यासाठी तापमान तीनशे अंशांच्या वर जावं लागतं आणि थोडी हवा लागते. तुम्ही हवाही बंद केलीत. मग डांबर कुठे जाणार? कोंबडीवर बसलं.

चांगला धूर जवळजवळ दिसत नाही. उन्हात पाहिलात तर विरळ, निळसर झाक. हात त्यावरून फिरवून हुंगलात तर गोड वास यावा, नाकात झोंबू नये.

तर आता असं करा. कोळसा पूर्ण पेटून त्यावर राखाडी साय येऊ द्या. तोवर लाकडाच्या फोडी कडेला ठेवून तापवा, म्हणजे त्या निखाऱ्यावर गेल्यावर लगेच धरतात. वरचा झरोका पूर्ण उघडा ठेवा. आच कमी-जास्त करायची ती खालच्या झरोक्याने. पांढरा धूर निघत असेतोवर मांस आत ठेवूच नका. पाच-दहा मिनिटं थांबा. दीड किलोच्या कोंबडीला साठ-सत्तर ग्रॅमच्या दोन फोडी पुष्कळ झाल्या. मांस फ्रिजमधून काढून कापडाने टिपून थंडच ठेवा, कारण थंड आणि किंचित ओलसर पृष्ठभागावर धूर चांगला धरतो. पहिल्या तास-दीड तासात जे बसायचं ते बसतं. पुढे निव्वळ आच लागते, सारखं लाकूड टाकत बसण्यात अर्थ नाही. झाकणाखाली १२० ते १३५ अंश राखा आणि मांडीच्या आत ७४ अंश झाले की काढा. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. बोटाने दाबून अंदाज घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

तुमचं लाकूड एका उन्हाळ्यात वाळेल. उलट विदर्भातल्या मे महिन्यात ते फार वाळतं. हवाच इतकी कोरडी की लाकडात सात-आठ टक्के पाणी उरतं आणि फोडी भडाभडा पेटतात. तेव्हा मोठी फोड वापरा.

यूट्यूबवर सगळे ढलप्या तासभर पाण्यात भिजवायला सांगतात. तुम्ही वाळवायला सांगता. खरं काय?
— वाचक, सांगली

वरचं उत्तर वाचा. शिवाय स्वतःच करून पाहा: एक फोड रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी मधोमध चिरा. आत कोरडीच असेल. बाहेरचं पाणी उडून जाईपर्यंत तुम्हाला मिळते ती वाफ. ढलप्या फार भरकन जळत असतील तर त्या लोखंडी डबीत घाला किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलची पुरचुंडी करून तिला दोन भोकं पाडा. हवा कमी मिळाली की त्या सावकाश धुमसतात.

आमच्याकडे वेडी बाभूळ माजली आहे. एका नातेवाइकाने अमेरिकेतून सांगितलं की तिकडे हेच लाकूड पिशव्यांत भरून विकतात. थट्टा करतोय का?
— वाचक, करमाळा

अर्धी थट्टा, अर्धं खरं. टेक्सासमध्ये मेस्कीट म्हणून जे लाकूड विकतात ते आपल्या वेड्या बाभळीच्या सख्ख्या चुलत भावंडाचं. आपली वेडी बाभूळ म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकात इकडे आणली आणि मग कुणाच्या बापाला आवरली नाही. हवाई बेटांवरही त्याच गणातलं एक झाड आहे, किआवे, आणि तिथले लोक त्यावर मांस भाजतात. तेव्हा तुमच्या बांधावरचं लाकूड कमी दर्जाचं नाही.

पण जपून. याचा धूर तिखट आहे. टेक्सासमध्येही ज्यांना मांस दहा-बारा तास धुरावर ठेवायचं असतं ते बहुधा पोस्ट ओक नावाचा ओक घेतात. मेस्कीटची ख्याती आहे ती झटपट भाजण्याच्या निखाऱ्यांसाठी. मीही तेच सांगेन. वेड्या बाभळीची लाकडं वेगळ्या शेगडीत जाळून निखारे करून घ्या, आणि त्या निखाऱ्यांवर मटणाच्या चापा किंवा कोंबडीचे पंख अर्ध्या तासात काढा. धुरासाठी वेगळं लाकूड हवंच असेल तर सुपारीएवढे दोन तुकडे, बस. सबंध कोंबडीला तीन तास या लाकडाचा धूर दिलात तर पहिल्या घासाला वा म्हणाल आणि तिसऱ्याला पाणी मागाल.

मटणाविषयी एक सांगते. आपलं मटण बोकडाचं, चरबी कमी. परदेशी कृत्यांमधले लांबलचक तास त्याला लावले तर ते चामडं होतं. खांद्याचा तुकडा आधी मंद शिजवून घ्या आणि शेवटचा पाऊण तास धुरावर ठेवा.

गावठी बाभळीचंही जवळपास हेच. वखारीत बाभूळ आली की सुतार आधी यायचे, बैलगाडीच्या चाकांसाठी सरळ घोटीव लाकूड निवडून न्यायचे. उरलेलं वेडंवाकडं भट्टीवाल्यांना. निखारा अप्रतिम, धूर उग्र. बाभळीत टॅनिन भरपूर असतं. साल तर अजिबात ठेवू नका, ती कातडी कमावायला वापरतात हे ध्यानात असू द्या.

काटे काढताना जाड हातमोजे घाला. वेड्या बाभळीचा काटा आत मोडला की पिकतो.

द्राक्षबागेच्या छाटणीनंतर काड्यांचे ढीग पडतात. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या काड्यांवर मांस भाजतात असं वाचलं. आपल्याकडे का नको?
— वाचक, निफाड

बरोबर वाचलंत. बोर्दो भागात वाळलेल्या काड्यांच्या जुड्या पेटवून त्यांच्या निखाऱ्यांवर गोमांसाचा तुकडा भाजायची जुनी पद्धत आहे. कल्पना उत्तम. आड येते ती फवारणी.

तुमची एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळ छाटणी, खाली पडते ती काडी अख्खा हंगाम औषधं पिऊन झालेली असते. भुरी, डाऊनी, करपा यांची बुरशीनाशकं, बोर्डो मिश्रणातलं मोरचूद; फळ छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून लावतात ते हायड्रोजन सायनामाइड वेगळंच. फळ काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची याचे नियम असतात. काडी जाळून तिच्यावर मांस ठेवण्याचा नियम कुणी केलेला नाही, कारण ते कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मोरचुदातलं तांबं जळून नाहीसं होत नाही. कोवळ्या काडीला तासायला जाड साल नसते, म्हणजे जे बसलंय ते लाकडासकट धुरात आणि राखेत.

वेगळा मार्ग आहे. बाग म्हातारी झाली की तुम्ही ती काढताच. तेव्हा जाड खोड बाजूला ठेवा. द्राक्षाच्या खोडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. ती पूर्ण काढा, वरून आणखी एक पातळ थर रंध्याने उतरवा, आणि आतलं लाकूड वर्षभर वाळवा. आपल्या बागा बहुतेक डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेल्या असतात. खुंट आणि वरचं खोड दोन्ही चालतं. तार आत रुतलेली आहे का ते मात्र पाहा. घराच्या मांडवावर कुणी हौसेने एखादा वेल लावला असेल आणि त्याला औषध माहीतच नसेल, तर त्याच्या काड्या डोळे मिटून घ्या.

हाच निकष डाळिंबाला, आणि पेरूच्या व्यापारी बागेलाही. परसातला बिनफवारणीचा पेरू मात्र सोन्यासारखा. सगळ्या फळझाडांत माझी पहिली पसंती त्याला. लाकूड चिवट, सावकाश जळणारं, धूर गोडसर. छाटलेली मनगटाएवढी फांदीसुद्धा टाकू नका.

फ्लॅटच्या बाल्कनीत छोटं स्मोकर ठेवलं आहे. घराचं फर्निचरचं काम चालू असल्याने सुताराकडे सागवानाचे तुकडे, भुसा आणि पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या फुकट मिळतात. वापरू का?
— वाचक, कोथरूड, पुणे

नाही, नाही आणि नाही.

सुताराच्या भुशात सागवान किती आणि प्लायवूड, एमडीएफ किती हे सुतारालाही सांगता येणार नाही. प्लायमध्ये फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. निव्वळ सागवान असलं तरी ते तेलकट, धूर उग्र. पॉलिश लागलेला तुकडा तर हातातही घेऊ नका. खोकी बहुधा पाइनची असतात. पाइनमध्ये राळ असते, ती जळली की काजळी धरते. परदेशी माल आलेल्या खोक्यांवर शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णता दिलेली, ‘एमबी’ म्हणजे कीड मारायला मिथिल ब्रोमाइड दिलेलं. शिक्का चांगला निघाला तरी त्या फळीवर आधी काय सांडलं होतं याचा पत्ता लागत नाही.

(जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट हॅम फर आणि स्प्रूसच्या धुरावर करतात आणि चीनमधला लॅपसँग सुशाँग चहा पाइनच्या. हे मला लिहून कळवू नका. ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कमी आचेवर, भट्टीत, मोजूनमापून करतात. बाल्कनीत नव्हे.)

कोकणातल्या वाचकांनी सुरूला घाबरू नये. पानं सुईसारखी दिसली तरी सुरू पाइनच्या जातीतलं झाड नाही, त्यात ती राळ नसते. निखारा कडक होतो; धुराला मी क्वचितच वापरते.

आणि बाल्कनी काचेने बंद केलेली असेल तर स्मोकर उचलून गच्चीवर न्या, सोसायटीला विचारून. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. खिडकी किलकिली ठेवणं पुरत नाही.

कोहिमाला खाल्लेलं धुरावलेलं पोर्क अजून जिभेवर आहे. घरी पोर्कच्या पट्ट्या गॅसच्या वर टांगून, खाली रोज थोड्या ढलप्या जाळून तसं करता येईल का? ओक नाही मिळाला तर कोणतं लाकूड?
— वाचक, ठाणे

लाकडाचा प्रश्न इथे दुसरा आहे. नागा घरात पोर्क चुलीच्या वर टांगतात. ती चूल रोज आणि बराच वेळ पेटलेली असते, मांसाला सतत ऊब आणि कोरडी हवा मिळते, बाहेर डोंगरातला गारवा असतो. ठाण्याच्या स्वयंपाकघरात तीस अंश, दमट हवा आणि दिवसातून अर्धा तास धूर. त्यात कच्चं डुकराचं मांस टांगलंत तर ते टिकणार नाही, सडेल. ५ ते ६० अंशांच्या मधे कच्चं मांस दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असा साधा नियम आहे. गोव्यातल्या चोरीसच्या माळा पावसाळ्यात चुलीवर टांगतात हे खरं, पण त्या मांसात आधी मीठ, माडाचा व्हिनेगर आणि मिरची मुरलेली असते.

धूर देऊन मांस टिकवायचं असेल तर नायट्राइट घातलेलं क्युरिंगचं मीठ लागतं. सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइटचं असेल तर किलोला अडीच ग्रॅम, तेही काट्यावर मोजून. दुकानात ‘पिंक सॉल्ट’ मागाल तर तुम्हाला सैंधव देतील. त्याचा इथे काही उपयोग नाही. आणि खरं क्युरिंगचं मीठ चुकून भाजीत पडलं तर विषबाधा होते. डबीवर मोठ्या अक्षरांत लिहा, मुलांच्या हातापासून वर ठेवा. एवढं सांभाळायचं नसेल तर टिकवायच्या फंदात पडू नका.

चवीसाठी असं करा. पोटाकडचं चरबीचं पोर्क, दोन बोटं जाड पट्ट्या, दोन टक्के मीठ लावून फ्रिजमध्ये रात्रभर. दुसऱ्या दिवशी उघड्या जाळीवर फ्रिजमध्येच ठेवून वरून कोरडं करा. मग झाकणाच्या शेगडीत ११० अंशांवर तीन तास, पेरू किंवा जांभळाच्या लाकडावर. थंड करून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत बांबूच्या कोंबांबरोबर शिजवून संपवा. कोहिमाचं होणार नाही. पण पुरेसं जवळ जातं.

शेजाऱ्याने परसातलं जुनं कुंपण काढलं. सीडरच्या फळ्या म्हणून मला दिल्या. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीला याचा धूर देऊ का? सामन माशाला सीडरची फळी वापरतातच ना?
— वाचक, ह्यूस्टन

शेजारी प्रेमळ दिसतो, पण फळ्या परत करा. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडाला २००३ च्या अखेरपर्यंत क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिकचं मिश्रण मुरवत असत. जुनी फळी हिरवट दिसत असेल तर ती तीच. राखाडी झालेली असेल तर नुसत्या डोळ्यांनी ओळखताच येत नाही. जाळल्यावर आर्सेनिक धुरातही जातं आणि राखेतही उरतं.

सामनची सीडर फळी ही वेगळी गोष्ट. ती स्वयंपाकासाठी म्हणून विकलेली, भिजवलेली फळी असते. ती जळू नये म्हणून भिजवतात, आणि मासा तिच्यावर वाफेत शिजतो. लाकूड भिजवण्याला माझा विरोध नाही असा हा एकच प्रसंग.

तुमच्या गावात पोस्ट ओक आणि पिकान मुबलक. टर्कीला पिकान घ्या. भट्टीत वाळवलेल्या लाकडाची पिशवी मिळते, पण एखादी फोड चिरून आतली ओल पाहा. दुकानाबाहेर पावसात ठेवलेल्या पिशव्या मी मुलीकडे गेले तेव्हा पाहिल्या आहेत. आणि लाकूड दूरच्या गावाहून गाडीत घालून आणू नका. सालीखालची कीड त्याच्याबरोबर प्रवास करते. ॲश जातीची झाडं पोखरणारा भुंगा तसाच पसरला.

आमच्याकडे नारळाची सोडणं आणि काजूची टरफलं पडून असतात. बांगड्याला कोणता धूर द्यावा?
— वाचक, मालवण

काजूची टरफलं कधीही नाही. त्यातलं तेल कातडी भाजतं, आणि जळताना त्याचा धूर डोळ्यांना, घशाला, फुफ्फुसाला झोंबतो. बिब्ब्याचं लाकूडही तसंच वर्ज्य.

सोडण बेस. मालदीवचा टुना उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवतात. नारळाच्या सोडणाचा धूर त्या सगळ्या किनारपट्टीच्या ओळखीचा आहे. आपण मासळी खारवून उन्हात टाकतो कारण ऑक्टोबर ते मे ऊन फुकट आहे. सोडण पुरतं वाळलेलं हवं, नाहीतर नुसता पांढरा लोट. करवंटीचा निखारा खाली, वर सोडणाची मूठभर शेंडी.

बांगडा बोटीवरून उतरल्यापासून बर्फात हवा. उबेत राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, ते शिजवून किंवा धुरवून जात नाही. पोट साफ करून लिटरला ७० ग्रॅम मिठाच्या पाण्यात पाऊण तास ठेवा. मग पंख्याखाली, बर्फाच्या ताटावरच्या जाळीवर, हाताला किंचित चिकट लागेपर्यंत वाळवा. ही चिकट साय धूर धरते. ओला मासा धुरावर ठेवला तर काळे ओघळ येतात. नव्वद अंशांवर तासभर, काट्याजवळ ६३ अंश. सोलकढी थंड करून ठेवा.

धुरावलेलं मांस रोज खाल्लं तर?
— वाचक, डोंबिवली

रोज खाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्ककारक म्हणून नोंदलं, आणि त्यात धुरावलेलंही धरलं. युरोपात २०१४ पासून धुरावलेल्या मांसात बेंझोपायरिन या धुरातल्या कर्ककारक द्रव्याची मर्यादा किलोला २ मायक्रोग्रॅम आहे. घरी ते कमी ठेवायचे दोन उपाय: चरबी निखाऱ्यावर ठिबकू देऊ नका, खाली पाण्याचं ताट ठेवा, आणि काजळीचा धूर टाळा. आमच्याकडे महिन्यातून एखादा रविवार.

आमच्या कंपाउंडला कण्हेर आणि कडुनिंब आहे. कडुनिंब औषधी, मग त्याचा धूर चांगलाच ना?
— वाचक, जालना

कडुनिंबाने मांस कडू होतं, औषधी होत नाही. डास पळवायला ठेवा. कण्हेर विषारी आहे: पान, फूल, काडी, धूर, सगळं. तिच्या काडीवर सीख कबाब लावायचाही विचार करू नका. ओळख न पटलेलं कुठलंही लाकूड शेगडीत घालू नका, मग ते कितीही छान वाळलेलं असो.

पोपटीच्या मडक्याखाली कोणतं लाकूड लावलं तर वालाच्या शेंगांना आणि कोंबडीला धुराची चव येईल?
— वाचक, पेण

कोणतंही लावा. मडकं पालथं असतं, तोंड भांबुर्डीच्या पाल्याने गच्च दाबलेलं. बाहेरचा धूर आत फारसा जातच नाही. जो वास येतो तो भांबुर्डीचा आणि तापलेल्या मातीचा. पेंढा, गवत, सुक्या काटक्या, अर्धा तास चांगला जाळ. पाला मात्र ताजा हवा.